गाठ डावीकडं

१९ डिसेंबर २०२४, गुरुवार. एस.टी.त, लोहा सोडल्यावर

माझं दुखणं पिशवीत नाही! नांदेडच्या भूलतज्ज्ञ डॉ. धम्मप्रिया सोनकांबळे यांनी आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी या वृत्ताला दुजोरा दिला.

अक्षर हलतंय ते बसमुळं. थोडं हसण्यामुळंही. शेजारच्या बाईनं आतापर्यंत दोनदा वळून पाहिलंय.

आता सविस्तर. गेले होते मुलाखत घ्यायला. रविवारच्या पुरवणीसाठी, जुनाट दुखण्यांच्या ओपीडीबद्दल, बाराशे शब्द, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचे. चौथ्या प्रश्नाला खुर्चीत जरा कूस बदलली आणि नेहमीची चमक आली – ओटीपोटात, डावीकडं. मी नेहमीसारखी हसून वेळ मारून नेली. पण समोरच्या पस्तिशीच्या डॉक्टर मुलीनं विचारलं, "ताई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हेच. ज्याच्यावर आत्ता हात गेला ते."

झालं. मुलाखत उलटी! सांगत सुटले. तीन वर्षं. चार डॉक्टर. तीन सोनोग्राफ्या – गाठ नाही, गाठ नाही, गाठ नाही. पिशवी जराशी जाड, एवढंच. औषधं संपली, दुखणं नाही. शेवटी लातूरला ठरलं : सहा जानेवारी, सोमवार, पिशवी काढून टाकायची. वय सत्तेचाळीस, दोन मुलं झाली, आता तिचं काम काय! रविकिरणची रजासुद्धा मंजूर झाली आहे.

सगळे रिपोर्ट रविकिरणनं माझ्या मोबाइलवर सालवार लावून ठेवलेत (गणिताचा मास्तर नवरा असण्याचा हा एक फायदा). तिनं एकूण एक वाचले. मग म्हणाली, "एका बोटानं दाखवा."

मी तळहात फिरवला. इथं... ह्या भागात.

"हात नको. बोट."

गंमत बघ – तीन वर्षं सगळ्यांना मी तळहातच दाखवला होता. बोट ठेवा असं कुणी म्हणालं नाही, मलाही सुचलं नाही. ठेवलं. एका जागी जाऊन पडलं! टिकलीएवढी जागा.

मग उताणं झोपवलं. त्या टिकलीवर स्वतःचं बोट दाबून म्हणाली, "आता मान उचला." उचलली. बोंब मारली.

"लई छान!" ती म्हणाली. माझ्या बोंबेला छान म्हणणारी पहिलीच डॉक्टर.

मान उचलली की पोट कडक होतं आणि आतल्या भागावर झाकण बसतं. दुखणं आत असतं तर दाब कमी लागला असता. माझं उलट वाढलं. म्हणजे ते वरच आहे, पोटाच्या भिंतीत. तिथं स्नायूतून एक बारीक नस बाहेर येते, ती चिमटली आहे. "दारात बोट सापडतं ना, तसं." खात्री करायची तर त्याच टिकलीवर बधिर करायच्या औषधाचं इंजेक्शन. मी म्हटलं द्या.

दहा मिनिटांनी म्हणाली, जिना चढून बघा. दोन मजले चढले. उतरले. परत चढले! खाली बसलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, काही हरवलं का?"

"हो!" मी म्हटलं. "तीन वर्षं सोबत होतं ते!"

डॉक्टरांनी निघताना बजावलंय : औषधाचा असर जाईल, दुखणं परत येऊ शकतं, घाबरायचं नाही. एकदा तरी गेलं म्हणजे जागा बरोबर आहे. कधी दुखतं, काय करताना दुखतं, रोज लिहायचं. मग सहा तारखेचं ठरवू.

म्हणून ही वही. मुलाखतीचे चार प्रश्न झाले, सहा राहिले. फोनवर घेईन.

२० डिसेंबर, शुक्रवार

शिंकले. दोनदा. काही नाही!

२१ डिसेंबर, शनिवार

अजून नाही. बाराशे शब्द वेळेत दिले.

बावीस वर्षं मी बातम्यांतलं 'पिशवी' खोडून 'गर्भाशय' करते. घरात 'गर्भाशय' म्हटलं तर माणसं उठून उभी राहतील. आपल्याकडं बाईच्या बेंबीखाली काहीही दुखो, पिशवीच. कंबर धरली, पिशवी. पाय वळले, पिशवी. बिचारीचा जबाब कुणी घेतच नाही.

आज घरात सभा झाली. रविकिरण म्हणाला, "उमा, चार डॉक्टर एक सांगतात. एक जण वेगळं सांगते."

"गणित बहुमतानं सुटतं का हो?"

मग म्हणाला, "पण सहा तारीख आत्ताच रद्द नको करायला. रजा परत मिळायची नाही." ठीक. कच्चं वृत्त मीही छापत नाही.

अव्वा (सासूबाई, सगळं घर त्यांना अव्वाच म्हणतं) ओसरीत शेंगा फोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काढून टाक की. मी काढली. तेहतिसाव्या वर्षी. काय झालं मला?"

काही झालं नाही हे खरंय. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, अजून माझ्या आधी उठते.

२२ डिसेंबर, रविवार

आलं.

संध्याकाळी सहाला, ऑफिसात शेवटचं पान छपाईला सोडताना. तेच, तिथंच. स्वच्छतागृहात जाऊन रडले. थोडंच. पान थांबलं होतं.

२३ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरांना फोन केला. मेलेल्या आवाजात सांगितलं, परत दुखतंय.

"छान!" पुन्हा! "कधी?"

"संध्याकाळी."

"सकाळी?"

"सकाळी कमी."

"रात्री?"

"गाऊन घालून आडवी झाले की जातंच जवळजवळ."

"आणि तुम्ही म्हणता पिशवी!" ती हसली. "ताई, दिवसभरात काय बदलतं ते शोधा. तुम्ही बातमीदार ना? शोधा."

उपसंपादक आहे, बातमीदार नव्हे. दुसऱ्यांनी शोधलेलं दुरुस्त करते. पण अंगात आलंय आता!

२४ डिसेंबर, मंगळवार

संशयितांना एकेक करून सोडून देतेय. ऑफिसची खुर्ची – अण्णारावशी बदलली, सुटली निर्दोष. चहा – आज एकही घेतला नाही. डोकं दुखलं, पोटही दुखलं. चालणं – नाही. बसणं – हो, पण सोफ्यावर गाऊनमध्ये बसलं तर नाही.

अण्णाराव पानं लावतो. अठरा वर्षं माझ्या शेजारी बसतो. म्हणाला, "ताई, सहा वाजता काय होतंय? मीच तर रोज सहाला विनोद सांगतो."

"त्याचा वेगळा तपास चालू आहे."

"हसताना दुखतंय का पण?"

"तुझ्या विनोदाला हसलंय कोण?"

हसले पण. दुखलंही. म्हणजे अण्णाराव अगदीच निर्दोष नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

गाठ सापडली!!

क्रमानं लिहिते, नाहीतर नुसती उद्गारचिन्हं पडतील.

ऑफिसातून आले. न्हाणीत साडी सोडली, परकर सोडला. आरशात बघितलं – सहसा बघत नाही, सत्तेचाळीसच्या वर कोण बघतं! कमरेभोवती परकराच्या नाडीची लाल रेघ, पानावर दोन बातम्यांमध्ये मारतो तशी. आणि त्या रेघेवर डाव्या बाजूला एक खोल वण. गोल. नाडीच्या गाठीचा.

बोट ठेवलं. तेच बोट. वणात बरोबर बसलं! तीच टिकली.

ओरडले – "गाठ सापडली!"

धाड्‌दिशी दाराबाहेर रविकिरण. आवाज पांढरा पडलेला. "गाठ? कुठं? कितीची? उमा! दार उघड!"

"परकराला!"

"कशाला?"

"परकराला हो! नाडीची गाठ!"

मग हा माणूस जमिनीवर बसून हसायला लागला. मी आत, हा बाहेर. तीन सोनोग्राफ्यांत जी गाठ दिसली नाही ती दोरीवर वाळत होती! बरोबरच आहे – सोनोग्राफीला परकर खालीच सरकवतात. पुरावा बाजूला करून तपास.

अव्वांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालंय ग?"

"गाठ, अव्वा! परकराची! डावीकडची!"

भाकरी थापायच्या थांबल्या एवढं ऐकू आलं.

डावीकडची – ह्याला इतिहास आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, उदगीरच्या घरात, मी साडी नेसत होते. माहेरी आम्ही गाठ उजवीकडं मारायचो. अव्वा आल्या, माझी गाठ सोडली, डावीकडं ओढली, करकचून बांधली. म्हणाल्या, "आपल्या घरात गाठ डावीकडं." मी बावीस वर्षांची. कुळाची रीत असेल म्हटलं. कुणाकडं खंडोबाला जातात, कुणाकडं वांगं खात नाहीत, ह्यांच्याकडं गाठ डावीकडं. पंचवीस वर्षं पाळली! एक दिवस चुकवली नाही. बाळंतपणातसुद्धा.

कुळाचार दुखत होता मला!

डॉक्टरांना फोन. आता मात्र त्या लगेच छान म्हणाल्या नाहीत. "असू शकतं, ताई. शपथेवर नाही सांगणार. आठ दिवस नाडी बंद. शनिवारी या, दुसरं इंजेक्शन देऊ, जास्त टिकेल असं."

२७ डिसेंबर, शुक्रवार

तनुजाची इलॅस्टिकची सलवार घालून ऑफिसला गेले. लेक पुण्याला, कपडे लातूरला, कामाला आले. अण्णाराव उभाच राहिला. "ताई ड्रेसवर! कुणी मंत्री येणारंय का?"

सहा वाजले. सव्वासहा. साडेसहा. अण्णारावनं विनोद सांगितला. हसले. दुखलं नाही. विनोद वाईटच होता.

२८ डिसेंबर, शनिवार

नांदेड. दुसरं इंजेक्शन. परतताना बसमध्ये अहमदपूरपर्यंत झोपले. डाव्या कुशीवर!

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

आमची सगळ्यांची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, उदगीरजवळच्या शेतात. ज्वारी छातीएवढी. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल. बांधावरून पळत जाऊन मी आंबिलीचं मडकं घेऊन आले. पळत! रविकिरण म्हणाला, सांडशील. सांडलं.

जेवताना धाकट्या जावेची कमाल बघितली. सिंधु पाचवा उंडा उचलत होती. मी म्हटलं, "सिंधु, एवढं जातं कुठं ग? गाठ काचत नाही?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. कानाशी आली. "अक्का, कुणाला सांगू नका. मी इलॅस्टिकचा परकर घालते."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून!"

वीस वर्षं! इकडं मी कुळाचार पाळून मरायलेय आणि ही बया इलॅस्टिकवर उंडे हाणायलीय! दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसलो. आंबिल नाकात गेली.

"अव्वांना कळलं नाही?"

"मी वरनं एक खोटी गाठ मारते. डावीकडं."

मेलेच मी.

समोर रत्नम्मा बसल्या होत्या. अव्वांच्या थोरल्या जाऊबाई, ऐंशीच्या पुढं. कानानं कमी, पण नको ते बरोबर ऐकतात. "काय डावीकडं?"

"आपल्या घरची रीत हो, मोठ्या अव्वा. गाठ डावीकडं."

"कुणी सांगितलं? मी तर जन्मभर उजवीकडं बांधली. माझ्या सासूनं बी."

सिंधु माझ्याकडं, मी सिंधुकडं. एकच कूळ, एकच सासू, मग रीत एकट्या अव्वांकडं कुठून आली? अव्वा पलीकडं पाठमोऱ्या बसून वाढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सुम्ने जेवा की ग. काय गप्पा मारायलाव नाडीच्या, देवासमोर."

सुम्ने, गुमान जेवलो. पण हसू दाबताना पोट दुखतं का बघितलं. नाही दुखलं!

३१ डिसेंबर, मंगळवार

सहा तारीख रद्द. मीच फोन केला. तिकडच्या डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं; ते म्हणाले, दुखत नसेल तर काढायची कशाला, सोनोग्राफी मात्र सहा महिन्यांनी करा. भांडायची तयारी करून बसले होते, वाया गेली.

पुरवणीसाठी स्वतःवरच लिहायला घेतलं. मथळे सुचतायत नुसते. 'पिशवी निर्दोष!' 'अखेर गाठ उकलली.' अण्णाराव म्हणतो, "'परकर अटकेत' द्या, ताई. आठ कॉलम."

डॉक्टरांना वाचून दाखवलं. थांबवलंच त्यांनी. "ताई, हे वाचून उद्या शंभर बायका नाडी सोडून घरी बसतील. एखादीला खरंच आत काही असेल. सूज असेल, आतड्याचं असेल, पिशवीचंही असेल. तुमचं आधी सगळं तपासून झालं होतं. ते पहिल्या परिच्छेदात घ्या."

घेतलं. दुसऱ्याची चूक दुरुस्त करायची सवय. स्वतःच्या कॉपीत कुणी बरोबर बोट ठेवलं की बरंही वाटतं आणि रागही येतो.

रविकिरणनं भिंतीवर कॅलेंडरवर खुणा केल्यात. दुखलं नाही असे दिवस – पाच. "नमुना लहान आहे," म्हणाला. पण खूण करताना शीळ घालत होता.

१ जानेवारी २०२५, बुधवार

सहा! (दिवस.)

अव्वांना लेख वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकला. नाव घातलं नाहीस ना, एवढंच विचारलं. मग उठून शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, शेंग मात्र एकही फोडली नाही. मधेच म्हणाल्या, "ती डॉक्टरीण... बोटानंच ओळखती का?"

"हो अव्वा."

"हं."

२ जानेवारी, गुरुवार

सकाळी अव्वांची वेणी घालत होते. मागून विचारलं, "अव्वा, गाठ डावीकडंच का हो?"

"मला उजवीकडं दुखतंय म्हणून." मग म्हणाल्या, "रीत न्हाई ग ती. मीच बांधायची डावीकडं. तुमचं बी दुखू नये म्हणून तुम्हाला तसंच शिकवलं."

"दुखायचं, अव्वा?"

"दुखतंय."

पिशवी काढून एक्केचाळीस वर्षं झाली!

"पिशवीच न्हाई म्हटल्यावर," त्या म्हणाल्या, "दुखतंय कुठं म्हणून सांगू ग कुणाला?"

म्हटलं, एका बोटानं दाखवा. शोधावं लागलं नाही त्यांना. पदराखालून बोट गेलं ते सरळ तिथंच.

सहा तारीख, सोमवार, सकाळी अकरा, नांदेड. डॉ. सोनकांबळे यांनी फोनवर वेळ दिली. रविकिरणची रजा आहेच.